नवतपा, बंद पडलेला चिलर आणि साडेतीनशे लिटर समुद्र

नागपुरात घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "समुद्राचं पाणी आणता कुठून?" आणत नाही, कालवतो. समुद्री क्षारांची तयार पूड मिळते. ती आरओच्या पाण्यात घोळवायची, रात्रभर पंपाने फिरवत ठेवायची, की झिरो माइलच्या दगडापासून चार किलोमीटरवर समुद्र तयार. सहा वर्षं तो माझ्या हॉलमध्ये सुखाने नांदला. २५ मे २०२४ च्या पहाटे तापायला लागला, आणि पुढच्या पाच दिवसांत जे जीव गेले त्यांतले निम्मे उष्णतेने गेले, निम्मे माझ्या हाताने. हे प्रकरण मी लिहून काढतोय ते या दुसऱ्या निम्म्यासाठी.

टाकी अशी होती

चार फूट लांब, दोन फूट रुंद, वीस इंच उंच काच. खाली कपाटात संप, म्हणजे यंत्रं ठेवायची दुसरी छोटी टाकी. खडक-वाळू वजा जाता फिरणारं पाणी साधारण ३५० लिटर. संपमध्ये पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारा प्रोटीन स्किमर, पाणी वर ढकलणारा पंप आणि उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करणारा ऑटो टॉप-ऑफ, त्याला आरओच्या पाण्याचा २० लिटरचा कॅन. टाकीत पाणी घुसळून प्रवाह करणारे दोन वेव्हमेकर. कपाटाबाहेर, सोफ्याच्या कडेला, पाणी थंड ठेवणारा चिलर. थंड देशांतले हौशी लोक हीटरच्या काळजीत असतात. आमच्याकडे हीटर डिसेंबर-जानेवारीत लागला तर लागतो, आणि चिलर मार्च ते ऑक्टोबर रोज.

नेहमीचे आकडे: तापमान २६ अंश, क्षारता (खारेपणा) हजारी ३५, क्षारीयता (पाण्याची पीएच चढा धरून ठेवायची ताकद; डीकेएच हे तिचं माप) साडेसात डीकेएच, नायट्रेट १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दहा भागांच्या, आगेमागे.

बिऱ्हाड छोटं. क्लाउनफिशची जोडी, तीन बंगाई कार्डिनल, अंगावर सहा रेघा असलेला एक सिक्सलाइन रास, शेवाळ खरवडत फिरणारा एक ब्लेनी. एक बबल-टिप अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, पाकळ्यांऐवजी हात असलेला प्राणी), एक क्लीनर कोळंबी, काटेरी चेंडूसारखा एक सी अर्चिन, खडकामागे राहणारा, लांब हातांचा एक ब्रिटल स्टार, वीसेक गोगलगायी. प्रवाळ म्हणाल तर सगळे मऊ जातीचे: लेदर, मशरूम, झोअँथिड. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली ते आले, समुद्री पंखे आणि समुद्रघोडेही आले. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी, हे नव्याने टाकी लावणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं, आणि बाजारात कोणी आपणहून सांगत नाही.

काय बिघडलं

शुक्रवारी रात्री टॉप-ऑफचा कॅन गळ्यापर्यंत भरला. शनिवारी सकाळी सहाला आम्ही अमरावतीला निघणार होतो, मामांच्या पंच्याहत्तरीला. बाबा घरीच राहणार होते, प्रवास त्यांना सोसत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी उठून पाहिलं. पंप चालू, वेव्हमेकर चालू, चिलरचा पंखा घरघरतोय. परत झोपलो.

चिलरचा पंखा आणि पाणी खरोखर थंड करणारा चिलरचा कंप्रेसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पहाटे तीनला आठवलं नाही.

रविवारी सकाळी सव्वानऊला बाबांचा फोन. "तुझे मासे आज सगळे वरच येऊन बसलेत रे. भूक लागली असेल म्हणून दोनदा दाणे टाकले, पण तोंड लावत नाहीत."

"बाबा, टेंपरेचर किती दिसतंय?"

"सव्वीस."

जिवात जीव आला. मग शंका आली. चिलरच्या पॅनेलवर आपण ठरवून दिलेलं तापमान आणि पाण्याचं खरं तापमान आळीपाळीने दिसतं. "काचेला आतून चिकटवलेला थर्मामीटर आहे बघा, मागच्या कोपऱ्यात." बराच वेळ शांतता. चश्मा शोधत असावेत. "तेहेतीस... नाही, साडेतेहेतिसाच्या जरा वरच."

तीस तासांत साडेसात अंश. पंप, वेव्हमेकर आणि दिवे मिळून टाकीत १७० वॉटच्या आसपास उष्णता सोडतात. एवढ्या पाण्याला ती तासाला सुमारे ०.४ अंश चढवते, आणि वर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झालेल्या नागपुरातला हॉल. माझं निघायचं पक्कं असल्यामुळे एसी बंद होता. बाबा आपल्या खोलीत होते आणि हॉलमधला कूलर फक्त संध्याकाळी लागला.

मासे वर का आले, याचं कारण भूक नसून हवा होती. ३५ क्षारतेच्या पाण्यात २६ अंशांना लिटरमागे साधारण ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. साडेतेहेतिसाला जेमतेम ५.९. आणि थंड रक्ताच्या प्राण्याची प्राणवायूची गरज तापमानासोबत वाढत जाते. म्हणजे पुरवठा आटतो तेव्हाच मागणी चढते. पाण्याचा वरचा पापुद्रा हवेला लागून असतो, तिथे त्यातल्या त्यात बरं असतं, म्हणून सगळी मंडळी तिथे. वर दोन वेळचे न खाल्लेले दाणे तळाशी कुजत होते, आणि कुजण्यालाही प्राणवायू लागतो.

बाबांनी फोनवर केलेलं काम

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर ऐकून जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम होतं. दिवे बंद. टाकीवरची जाळी काढून बाजूला. टेबलफॅन स्टुलावर ठेवून वारा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा. एका वेव्हमेकरचं तोंड वर वळवून पाणी खळबळवलं. तळाचे दाणे गाळणीने काढले. हॉलचा एसी लावला. मी "फ्रीजमधल्या बाटल्या टाका" म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "एकदम नको, बघतो कसं उतरतं ते." आणि खुर्ची टाकून समोर बसले.

दुपारी चारपर्यंत पाणी ३०.४ वर आलं. साडेसहा तासांत तीन अंश, कोणालाही धक्का न देता.

हे नागपुरातच इतकं छान होतं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढीने ३५० लिटर पाणी दीड-पावणेदोन अंश उतरू शकतं. मे महिन्यात आमची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून पंख्याखाली तासाला लिटरभर सहज उडतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा तेच काम निम्म्यानेही करत नाही. दादरच्या मित्राने पंख्यावर विसंबून राहू नये आणि मी त्याचं ऐकून पंखा कमी लेखू नये, असा हा मामला आहे.

याची दुसरी बाजू कॅनमध्ये दिसली. मी पोचलो तेव्हा २० लिटरचा कॅन कोरडा पडला होता. संपमधल्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी इतकं खाली गेलं होतं की पंप हवा ओढत होता आणि टाकीत बारीक बुडबुड्यांचा धूर येत होता. क्षारता ३६. दहाएक लिटर पाणी भरपाईशिवाय उडालेलं. एक बंगाई कार्डिनल तळाशी मेलेला होता. अर्चिनचे काटे गळून वाळूवर सुयांसारखे पसरले होते. चार गोगलगायी उताण्या. अ‍ॅनिमोन मुठीएवढा आकसलेला आणि फिकट.

इथे मी गप्प बसून दहा लिटर आरओ हळूहळू सोडलं असतं आणि मेलेले जीव काढले असते, तर हे टिपण एका पानात संपलं असतं.

रविवारची संध्याकाळ

प्रवासाने आंबलेलं डोकं, डोळ्यांसमोर मेलेले जीव, आणि काहीतरी केलंच पाहिजे हा धोशा. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाच्या लादीचा पंधरा किलोचा तुकडा आणला, फोडून दुहेरी पिशव्यांत बांधला आणि संपमध्ये सोडला. दीड तासात पाणी २६.५ वर. मी खूश. थर्मामीटरचा फोटोसुद्धा काढला.

मग पाणी दुधाळ वाटलं म्हणून १२० लिटर बदलायचं ठरवलं, म्हणजे एका दमात एकतृतीयांश. आरओचं पाणी पिंपात होतं, साडेचार किलो पूड ओतली, पाऊण तास फिरवलं, क्षारता ३५ भरली, टाकीत चढवलं. तापमान मोजलं नाही. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी अंगावर घेववत नाही, आणि आमच्या आरओला तेच पाणी येतं. पिंपातलं पाणी ३४ अंश होतं. म्हणजे बर्फाने जे उतरवलं त्यातलं बरंचसं मी पिंपाने परत चढवलं. वहीत त्या दिवसाची नोंद अशी:

सकाळी ९.३० – ३३.६
दुपारी ४.०० – ३०.४
संध्याकाळी ५.३० – २६.५
रात्री ८.३० – २९.१

वर, खाली, परत वर. आधीच धापा टाकणाऱ्या जिवांना हा पाळणा.

पूड नुकतीच विरघळलेली असल्यामुळे आणखी एक भानगड झाली. त्या पाण्याची क्षारीयता नंतर मोजली तर ११ डीकेएच भरली, टाकीची साडेसात. नवं पाणी चोवीस तास फिरवत ठेवायचं हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही.

आणि शेवटचा घाव. झोपायच्या आधी संपमधला काळा स्पंज काढला आणि सिंकमध्ये आरओच्या पाण्याखाली चांगला पिळून-पिळून धुतला. घाणीचं पाणी गटारात जाताना पाहून समाधान वाटलं. त्या घाणीत, कुजण्यातून सुटणारा विषारी अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू होते. गोड्या पाण्याने त्यांची वाट लागली, आणि तीही अशा रात्री, जेव्हा खडकांच्या मागे न सापडलेली प्रेतं सडायला लागली होती.

फ्रीजवाला

सोमवारी सकाळी चिलर विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं: या मॉडेलचे पार्ट येत नाहीत, नवा घ्या. नव्याची किंमत ऐकून मी सक्करदऱ्याच्या एका फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने मशीनला हात लावायच्या आधी नुसतं ऐकलं. कंप्रेसर दहाएक सेकंद गुंगुं करायचा, मग आतून 'टक्', मग चार मिनिटं काही नाही, आणि पुन्हा गुंगुं.

"भाऊ, हा उठाले पाहून राह्यला, पण उठत नाही."

मागचं झाकण काढलं. कंप्रेसरच्या अंगाला काडेपेटीएवढी एक काळी डबी असते, स्टार्टिंग रिले. ती त्याने उपटून काढली आणि माझ्या कानाशी नेऊन हलवली. आत खडखड वाजलं, खुळखुळ्यासारखं. चांगल्या रिलेत काही वाजत नाही; आतली चिनी मातीची चकती फुटली होती. त्या चकतीशिवाय कंप्रेसरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही, तो अडकून वीज ओढत राहतो, आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच तापून 'टक्' करून त्याची वीज तोडतो. तो 'टक्' माझ्या घरात शनिवार पहाटेपासून दर चार-पाच मिनिटांनी वाजत होता.

"पण फुटली काहून?" मी विचारलं. त्याने काही न बोलता चिलरच्या बाजूची जाळी काढली आणि टॉर्च मारला. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पापुद्र्यांवर नमद्यासारखा थर, भुरकट, तंतूंचा. कूलरच्या ताट्यांचा भुसा. आमचा कूलर आणि चिलर समोरासमोर; दोन महिने कूलर वाळ्याचे तंतू उडवत होता आणि चिलर ते श्वासाबरोबर आत घेत होता.

"एवढा कचरा भरला, मंग तो गरमी टाकन कुठं? कूलर काहून ठेवला याच्या समोर?"

उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून आतला दाब चढलेला, दाब चढलेल्या कंप्रेसरला सुरू व्हायला जास्त जोर लागतो, आणि पहाटे वीज दोनदा गेली-आली तेव्हा दाब उतरायला वेळ न मिळताच त्याला लागोपाठ उठवलं गेलं. नव्या चिलरमध्ये दोन-तीन मिनिटं थांबून सुरू व्हायची सोय असते. माझ्या जुन्याला नव्हती. रिले आणि ओव्हरलोड दोन्ही बदलून, कंडेन्सर ब्रशने आणि ब्लोअरने साफ करून, मजुरीसकट सहाशे रुपये घेऊन तो गेला. दुपारी दोनला चिलर थंड पाणी सोडत होता. यंत्राचा बिघाड तिथे संपला.

दुसरी लाट

सोमवारी सकाळीच क्लीनर कोळंबी मेलेली सापडली होती. कोळंबीची कात टाकलेली कवचं नेहमी दिसतात, म्हणून आधी कवच समजून दुर्लक्ष केलं. उचलली तर जड लागली. अमोनिया ०.५ पीपीएम. मंगळवारी १.०, आणि उरलेल्या दोन कार्डिनलांपैकी एक गेला. बुधवारी दुसरा.

अमोनियाचा आकडा एकटा पाहून चालत नाही. त्याचा जो भाग मोकळ्या अमोनियाच्या रूपात असतो तो कल्ल्यांना जाळतो, आणि पीएच व तापमान जितकं चढं तितका हा भाग मोठा. मी नव्या पाण्याने क्षारीयता आणि तिच्यासोबत पीएच चढवला होता, गरम पाण्याने तापमान, आणि स्पंज धुऊन अमोनिया खाणारे कमी केले होते. इतक्या बाजूंनी एकाच संकटाला ठरवूनही कोणी हातभार लावला नसता. टाकी पूर्ण कोसळली नाही याचं श्रेय खडकांना. जिवाणूंचा मोठा साठा त्यांच्या छिद्रांत असतो, आणि खडक धुवायचं मला सुचलं नाही.

पण आकडा उतरत का नाही, हे मंगळवार रात्रीपर्यंत कळत नव्हतं. शेवटी नाकाने कळलं. वेव्हमेकर बंद केले, दिवा मागून धरला आणि हात कोपरापर्यंत घालून एकेक गोगलगाय उचलून हुंगली. जिवंत गोगलगायीला समुद्राचा वास येतो. मेलेलीचा वास एकदा आला की दोन दिवस नाकातून जात नाही. नऊ मेलेल्या निघाल्या. मग उजवीकडचा मोठा खडक हलवला तेव्हा खालून ब्रिटल स्टारचे हात सुटे-सुटे तरंगत वर आले. तो केव्हा गेला सांगता येणार नाही. अर्धं टमरेल भरेल एवढं कुजकं मांस त्या एका खडकाखाली होतं. बायको हॉलमधून उठून गच्चीवर गेली आणि म्हणाली, "उद्यापर्यंत हे गेलं नाही तर मी जाते."

त्याच आठवड्यात गुरुवारी, ३० मेला, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. दिवसभर सगळ्या गटांत तोच आकडा फिरला. नंतर हवामान खात्याने सांगितलं की संवेदक बिघडला होता. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्यांचा चढा दाखवतो, आपला उतरता." चिलरच्या पॅनेलवरचं ते सव्वीस त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

सावरणं

बुधवारपासून एक नियम लावला: दिवसात एकच गोष्ट बदलायची, आणि तीही आदल्या दिवशी वहीत लिहून.

रोज ३० लिटर पाणी बदललं, त्याहून जास्त नाही. पाणी आदल्या दिवशी कालवलेलं, चोवीस तास फिरवलेलं, आणि बेडरूमच्या एसीत ठेवून टाकीच्या तापमानाला आणलेलं. बेडरूममध्ये पिंप ठेवायला परवानगी कशी मिळाली तो वेगळा विषय आहे. तीन दिवस माशांना काही घातलं नाही. धडधाकट मासा तेवढं सहज सोसतो आणि जे पोटात जात नाही ते पाण्यातही येत नाही. संपमध्ये जाळीच्या पिशवीत ३०० ग्रॅम सक्रिय कोळसा टाकला, कारण लेदरसारखे मऊ प्रवाळ त्रासात असले की पाण्यात विषारी द्रव्यं सोडतात आणि शेजारच्यांना छळतात.

जिवाणू उसने आणले. बाटलीतले विकत मिळतात, पण वर्ध्याच्या एका मित्राची टाकी दहा वर्षं जुनी आहे. त्याने आपल्या संपमधले मूठ-दोन मूठ सिरॅमिकचे तुकडे त्याच्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून, सकाळच्या गाडीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले. दोन तासांत ते माझ्या संपमध्ये होते. शनिवारी अमोनिया ०.२५ वर आला आणि मंगळवारी, ४ जूनला, शून्यावर. नायट्राइट मधल्या काळात चढलं होतं, पण समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते कल्ल्यांतून नायट्राइटला फारसं आत शिरू देत नाही. गोड्या पाण्यातल्याइतकी त्याची धास्ती नसते. त्या तुकड्यांबरोबर एक एप्टेझियाही आला. हा अ‍ॅनिमोनचा तणासारखा वाढणारा भाऊबंद. त्याच्याशी अजून झगडतोय. मित्राला सांगितलेलं नाही.

खरी कसोटी बबल-टिपने घेतली. अ‍ॅनिमोनच्या आणि प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात; तीच त्यांना रंग आणि बरंचसं अन्न देतात. पाणी फार तापलं की ती बाहेर टाकली जातात आणि प्राणी पांढरा पडतो. माझा काचेसारखा पारदर्शक झाला होता, आतले पडदे मोजता येतील इतका. अशा अवस्थेत तो उपाशी असतो, आणि उपाशी अ‍ॅनिमोन जागा सोडून चालायला लागतो. चालता-चालता वेव्हमेकरमध्ये शिरला तर त्याची चटणी होते आणि सगळी टाकी विषारी. म्हणून दोन्ही वेव्हमेकरना जुन्या मच्छरदाणीची टोपरी शिवून घातली. एलईडी पंचवीस टक्क्यांवर, दिवसाला सहाच तास. दहा दिवसांनी दहा टक्के वाढ, मग दर आठवड्याला दहा. उपाशी आहे म्हणून भरपूर प्रकाश द्यावासा वाटतो, पण शैवालंच उरलेली नसताना तो प्रकाश त्याला भाजतो.

आठवड्यातून दोनदा चिमट्याने कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा त्याच्या तोंडाशी. पहिल्या तीन वेळा त्याने घेतलाच नाही, तुकडा गळून पडला आणि रासाने पळवला. चौथ्या वेळी, ८ जूनला, एका हाताचं टोक तुकड्याला चिकटलं, मग दुसरं, आणि सगळी मूठ इतकी हळू मिटली की मिटतेय की नाही कळेना. क्लाउनफिशची मादी तोवर बाजूला पाहत उभी होती. तुकडा आत गेल्यावर ती त्या काचेसारख्या हातांत शिरली आणि अंग घासून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तांबडा-जांभळा चिकट थर आला. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे पसरणारे जिवाणू. मेलेल्यांनी मागे ठेवलेलं खत त्यांनी उचललं: नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.२. औषधाने तो थर दोन दिवसांत जातो, पण ते औषध जिवाणूंवर चालतं आणि मी नुकतेच जिवाणू वर्ध्याहून मागवले होते. दर रविवारी नळीने ओढून काढला, प्रवाहाची दिशा बदलली, फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी अगदी थोडी लावली. चार रविवार लागले.

जूनच्या अखेरीस पाऊस धरला, हवा दमट झाली आणि पंख्याचा हात आखडला. तोवर चिलर आठ-आठ तास चालायचा, आता अकरा तास चालायला लागला. तो 'टक्' ऐकू येतोय का म्हणून मी रात्री दोनदा उठत होतो. जुलैच्या मध्यावर लेदरने अंगावरचा मेणचट पापुद्रा टाकला आणि सात आठवड्यांनी पहिल्यांदा सगळे पॉलिप, म्हणजे फुलांसारखी बारीक तोंडं, बाहेर काढले. अ‍ॅनिमोनच्या हातांवर फिकट चहासारखी छटा आली. पूर्ण रंग यायला दिवाळी उजाडली.

आता

चिलर खिडकीपाशी हलवला, कूलरकडे पाठ करून. कंडेन्सरवर दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरतो. मार्च ते जून दर आठवड्याला. त्याच्या मागे तीन मिनिटं थांबून वीज सोडणारा फ्रीजचा स्टॅबिलायझर आहे. एक जास्तीची रिले पारदर्शक पिशवीत घालून चिलरच्याच अंगाला चिकटवली आहे, कारण कपाटात ठेवलेली वस्तू गरजेच्या वेळी सापडत नाही. हजाराच्या आत मिळणारा एक स्वतंत्र तापमान नियंत्रक लावला, पाणी २७.५ झालं की तो संपवरचा पंखा सुरू करतो आणि २८.५ ला भोंगा. भोंगा बाबांच्या खोलीत. चाळीस लिटर कालवलेलं पाणी बेडरूममध्ये झाकून कायम तयार.

अर्चिन परत आणला नाही. क्लीनर कोळंबी ऑगस्टमध्ये आली, चार दिवस खडकाखाली दडून राहिली आणि पाचव्या दिवशी बाबांच्या बोटावर चढली. बंगाई कार्डिनल दोनदा आणून पाहिले. दोन महिने टाकीत जवळजवळ एकट्याने राज्य केल्यामुळे सिक्सलाइन रासाला आता नवा भाडेकरू चालत नाही. पहिल्याच संध्याकाळी शेपट्या कुरतडतो. दोन्ही वेळा ते परत केले. रासाला पकडायचं म्हणजे सगळे खडक उचलायचे, आणि त्याला सध्या तरी माझी तयारी नाही.